दप्तरात सापडलेले आजे-पणजे



माउलींच्या आणि जगद्गुरू तुकोबारायांच्या कृपेने आपल्या दिंडीला शंभर वर्षे पुरी झाली. स्मरणिका समितीच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, तुम्ही एखाद्या अभंगावर लिहा. आम्ही म्हटलं, अभंगावर आम्ही वर्षभर बोलतोच, या वेळी कागदावर बोलू द्या. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. धंदा शेतीचा, सेवा कीर्तनाची. पण गेली सहा वर्षे पेरणी-सुगीतून वेळ काढून आम्ही आमच्या घराण्याचा माग काढत दप्तरं पालथी घातली. त्यात काय हाती लागलं आणि त्यावरून दिंडीतला जुना वाद कसा मिटला, हे तुम्हा मायबापांपुढं ठेवतो. लेखात घराण्यांची नावं आम्ही घालत नाही. गावाला ती ठाऊक आहेत, आणि जमिनीचा विषय भाऊबंदकीत लई नाजूक असतो.

आधी वाद काय होता ते सांगू, म्हणजे नव्या पिढीला समजंल. आपल्या गावात थोरली आळी आणि धाकटी आळी. आम्ही धाकट्या आळीचे. थोरल्या आळीचं म्हणणं पहिल्यापासून असं, की आम्ही गावचे मूळ मिरासदार, गाव आमच्या पूर्वजांनी वसवलं, तुम्ही मागून आलेले उपरे. म्हणून प्रस्थानाच्या दिवशी वीणा आमच्याच आळीच्या गळ्यात पडंल. आमच्या आळीचं म्हणणं, आम्हीपण मूळचेच. दोन्ही बाजूंना पुरावा एकच, आज्याने सांगितलेलं. हा वाद इतका पेटला की एका वर्षी मुक्कामाच्या गावी दिंडीच्या दोन चुली झाल्या. एकाच पताकेखाली चालायचं आणि भाकरी वेगवेगळ्या तव्यावर. पुढची दोन वर्षे तसंच चाललं. वारकऱ्याला याच्याएवढी लाजेची गोष्ट दुसरी नाही. तेव्हा आम्ही ठरवलं, तोंडी भांडण पुरे, कागद काय म्हणतो ते बघू.

माग काढायचा तर सुरुवात आजपासून करून मागं जायचं असतं. मुळाकडून फांदीकडं येता येत नाही, फांदीवरूनच मुळाकडं उतरावं लागतं. हातात आजचा सातबारा असतो, त्यावर गट नंबर असतो. पण गट हे अलीकडचे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यानं गावोगाव जमिनीचं एकत्रीकरण झालं, तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. म्हणून पहिल्यांदा आपला गट कोणत्या सर्व्हे नंबरातून झाला ते काढावं. मग सातबाऱ्यावर गोल करून लिहिलेले फेरफाराचे आकडे धरून एकेक फेरफार मागं वाचत जावं. कोण मयत झालं, वारस कोण लागले, कुणी गहाण दिलं, कुणी सोडवलं, वाटप कधी झालं, सगळं त्यात असतं. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला आणि त्यापुढच्या वर्षांत गावोगाव ही फेरफाराची पुस्तकं सुरू झाली. तिथपर्यंत गेलो की आपण पणजोबांच्या दारात उभे असतो. 1 एप्रिल 1957 च्या सुमाराच्या नोंदी नीट बघाव्यात. तो कृषकदिन, कूळ कायद्यानं त्या दिवशी पुष्कळ कुळं मालक झाली.

त्याच्या मागं जायचं तर मोडी लागते. आम्हाला मोडी येत नाही, तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी वाचून दिली. 2023 सालापासून कुणबी नोंदी शोधायला सगळा महाराष्ट्र जुन्या कागदांकडं धावला, तेव्हापासून मोडी वाचणाऱ्यांना पुन्हा किंमत आली, हे एक चांगलं झालं. सालाचंही गणित ध्यानात ठेवा. कागदावर शक असेल तर 78 मिळवा, फसली सन असेल तर 590, आणि पेशवाईतला सुहूर सन असेल तर 599 किंवा 600, म्हणजे इंग्रजी साल येतं. जमिनीची मापंही वेगळी. आपला एकर 40 गुंठ्यांचा, गुंठा 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद. पण जुन्या कागदात काठी, पांड, बिघा, चाहूर. 20 काठ्यांचा पांड, 20 पांडांचा बिघा आणि 120 बिघ्यांचा चाहूर. हे पाठ केल्याबिगर जुना कागद बोलत नाही.

आम्हाला वाटेत बऱ्याच जणांनी सांगितलं, खानेसुमारीत बघा, इंग्रजांनी घरोघर माणसं मोजली होती. ते खरं आहे. आपल्याकडं 1872 साली मोजणी झाली, 1881 साली झाली आणि तिथून 2011 पर्यंत दर दहा वर्षांनी होत आली. मोजणारा दारात यायचा, नाव विचारायचा, वय, जात, धंदा लिहून घ्यायचा. पण बेरजा झाल्या की ते घरोघरचे कागद ठेवत नसत. मागं राहिले ते आकडे. आज 1881 च्या खानेसुमारीत आपला खापरपणजा शोधू म्हटलं तर तो सापडत नाही, तो त्या आकड्यात एक होऊन बसलेला असतो. आणि आताच्या जनगणनेचं म्हणाल, तर 1948 च्या कायद्यानं माणसाची माहिती गुप्त ठेवायची असते, ती कुणाला दाखवता येत नाही की कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही.

तरी आकडाही बोलतो, ऐकणारा पाहिजे. पुणे जिल्ह्याची माणसं 1872 साली सुमारे 9 लाख 21 हजार होती. 1881 साली ती भरली सुमारे 9 लाख 1 हजार. नऊ वर्षांत लेकरं जन्माला येऊन माणसं वाढायची, ती वीस हजारांनी घटली. का, तर मधे 1876-77 चा दुष्काळ पडला. पुन्हा 1891 साली आकडा 10 लाख 67 हजारांच्या वर गेला आणि 1901 साली 10 लाखांच्या आत आला. मधे प्लेग आणि दुसरा दुष्काळ. खानेसुमारी आपल्या आज्याचं नाव सांगत नाही, पण त्याच्या दारात काय उभं होतं ते सांगते.

आता जमिनीच्या कागदाकडं. आपला इंदापूर तालुका तसा कोरडा, पण जमिनीच्या दप्तरात याचं नाव मोठं आहे. 1818 साली पेशवाई बुडाली आणि मुलूख इंग्रजांकडं गेला. प्रिंगल नावाच्या साहेबानं पुणे भागाची मोजणी केली आणि खर्च वजा जाता जे पीक उरतं त्याच्या शेकडा 55 सरकारचे, असा धारा बसवला. हाताखालच्यांनी प्रती खोट्यानाट्या लावल्या, त्यात पावसानं दगा दिला, भाव पडले. धारा देता येईना म्हणून लोकांनी जमिनी टाकल्या आणि कितीक जण बायकापोरं घेऊन निजामाच्या हद्दीत गेले. मग गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन साहेबांनी नव्यानं मोजणी करून 1836 साली पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात हलका धारा लावला, तो 30 वर्षांसाठी कायम केला. पुढं तीच पद्धत साऱ्या मुंबई इलाख्यात गेली. एका बैलजोडीनं वाहता येईल एवढ्या जमिनीचा एक नंबर, नंबराच्या कडेला दगड, जमिनीची प्रत आण्यात. आज आपण ज्या बांधावरनं भांडतो, त्यातले किती तरी बांध त्या वेळचे आहेत.

या नव्या धाऱ्यात एक सोय होती. शेतकऱ्याला नंबर नको असेल तर राजीनामा लिहून सोडता यायचा, आणि पड नंबर घ्यायचा असेल तर कबुलायत लिहून घेता यायचा. आमच्या घराण्याचा सगळ्यात जुना कागद तो हाच, कबुलायत. आमच्या खापरपणजोबांच्या वडिलांनी एक पड नंबर मागितला आणि लिहून दिला. त्यात त्यांची वस्ती लिहिली आहे, ती या गावची नाही. नीरा नदीच्या पलीकडच्या, माळशिरस बाजूच्या एका गावची आहे. कागदाच्या शेवटी सही नाही. निशाणी आहे, नांगराची. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढायचा आणि ती त्याची सही धरायचे. गुरुजींनी ते बोटानं दाखवलं. चार रेघांचा नांगर. एवढ्या लांबच्या माणसाच्या हातचं काही आमच्या घरात नव्हतं, ते तिथं होतं.

म्हणजे थोरली आळी म्हणत होती ते खरं निघालं. आम्ही उपरे. आम्ही ते गावात येऊन पारावर सांगितलं. थोरल्या आळीतून कुणी फटाके लावले नाहीत एवढंच. पण तिथल्याच एका जाणत्या माळकऱ्यानं म्हटलं, महाराज, आता आमचाबी कागद काढा, म्हणजे एकदाचं शिक्कामोर्तब होईल.

तो कागद निघाला कुलकर्ण्यांच्या वाड्यातल्या पेटीत, रुमालात बांधलेला. थळझाडा. हा शब्द आता कुणाला ठाऊक नाही, म्हणून सांगतो. जुन्या काळी गावची काळी थळांत वाटलेली असायची. थळ म्हणजे एका मूळ घराण्याची मिरासी जमीन, आणि थळाला नाव त्या घराण्याचं. मिरासदाराचा हक्क पिढीजात. तो दुष्काळात गाव सोडून गेला आणि पुष्कळ वर्षांनी परत आला तरी धारा भरून आपली जमीन मागू शकायचा. उपऱ्याला तसं नव्हतं, त्याचा करार सालाचा किंवा ठरल्या मुदतीचा. घराणं बुडालं किंवा परागंदा झालं की त्या जमिनीला गतकुळी म्हणायचे. थळझाडा म्हणजे या सगळ्याची यादी : कोणतं थळ, मूळ कुणाचं, आज कोण वाहतं.

त्या यादीत थोरल्या आळीचं नाव होतं, पण थळाच्या जागी नव्हतं. वाहणाऱ्याच्या जागी होतं. थळ दुसऱ्याच घराण्याचं, आणि त्यापुढं गतकूळ असा शेरा. थोरली आळी आपल्या आधी आली, साधारण एक-दोन पिढ्या आधी, भीमेच्या पलीकडून. आम्ही नीरेकडून, ते भीमेकडून. आणि ज्या घराण्यानं ती काळी पहिल्यांदा मोडली, त्याचं एकही घर आज गावात नाही. मळ्याला मात्र अजून त्यांचंच आडनाव आहे. आमच्या आळीचा मळा, त्यांच्या आळीचा मळा, दोन्ही त्याच थळात. रोज सकाळी आपण ते आडनाव तोंडानं घेतो, अमक्याच्या मळ्यात चाललो म्हणतो, आणि तो अमका कोण होता हे दीडशे-पावणेदोनशे वर्षांत कुणी इचारलं नाही.

पारावर हे वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही.

आता आमच्या घराची पुढची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या एकट्याची नाही, या भागातल्या घरोघरची आहे. 30 वर्षांची मुदत संपली आणि 1867 च्या सुमारास तालुक्याची फेरमोजणी झाली. त्या दप्तरात आमच्या खापरपणजोबांच्या नावाचं खातं आहे. पण धारा वाढला. अमेरिकेतल्या लढाईमुळं कापसाला चढलेला भाव लढाई संपल्यावर खाली आला. कर्ज झालं. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली, ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. त्याच्यावर सरकारनं चौकशी बसवली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. कर्जासाठी शेतकऱ्याला कैद करायची नाही, कोर्टानं खत आंधळेपणी मानायचं नाही, मुद्दल किती आणि व्याज किती हे मुळापासून तपासायचं, आणि शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकापुढं नोंदवायचे. पण त्याच्या आधी 1876 चा दुष्काळ आला. शके 1798. त्या सालानंतर खापरपणजोबांचं नाव कागदावर जिवंत माणूस म्हणून येत नाही.

इथं आमच्या घराण्याची दोरी तुटायची. पणजोबा तेव्हा पाच-सात वर्षांचे, जमीन गहाण. दोरी जोडलेली सापडली ती एका नोंदलेल्या दस्तात, 1879 च्या कायद्यानंतरच्या. गहाण सोडवल्याचा दस्त. लिहून घेणार म्हणून खापरपणजीचं नाव. नवऱ्याचं नाव, त्यापुढं मयत. वय अजमासे 35. धंदा मजुरी. आमच्या घरात एवढंच ऐकून होतो, की म्हातारी कालव्यावर माती वाहायला जायची. नीरा डाव्या कालव्याचं काम 1876 साली दुष्काळी काम म्हणूनच सुरू झालं होतं, ते पुढं कित्येक वर्षे चाललं. ज्या कालव्याच्या पाण्यावर आज तालुक्यातला ऊस उभा आहे, त्याच्या भरावात आमच्या खापरपणजीच्या पाट्या आहेत. दस्ताच्या शेवटी तिची निशाणी. बाईमाणसाची निशाणी बांगडीची असायची. हातात बांगडी नसलेल्या त्या माउलीनं कागदावर बांगडी काढली आणि जमीन सोडवली.

तिच्या आधीच्या आणि नंतरच्या कितीक बायका कोणत्याच कागदात नाहीत. सातबारा बापाकडून लेकाकडं जातो. आई कुठं दिसलीच तर वारसांच्या शेवटी किंवा अज्ञान पालनकर्ती म्हणून, तेही अ.पा.क. अशा तीन अक्षरांत. आम्ही वंशावळ लिहायला बसलो तेव्हा सहा पिढ्यांचे पुरुष भरले, बायकांचे रकाने अर्धे रिकामे राहिले.

ते रिकामे रकाने भरले कुठून, ऐका. आपल्या दिंडीच्या वहीतून. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी दिंडी काढली त्यांनी शिध्याची वही ठेवली होती. कुणी किती जोंधळं दिलं, किती डाळ, किती गूळ, भिशी कुणाची, आणि चालणार कोण. तिथं बायकांची नावं आहेत. कुणाची सून, कुणाची लेक, माहेर कोणतं, हेसुद्धा जागोजाग लिहिलं आहे, कारण एका नावाच्या दोघी-तिघी असायच्या. सरकारनं धारा भरणारा लिहिला, दिंडीनं शिधा देणारी लिहिली. आमच्या पणजीचं माहेर आम्हाला त्या वहीत सापडलं, दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नाही. आणखी एक सांगतो, त्या पहिल्या वहीत थोरली आळी आणि धाकटी आळी असे वेगळे रकानेच नाहीत. एकाखाली एक, आली तशी नावं.

आता तुकोबारायांकडं येऊ. आपण कीर्तनात सांगतो, की महाराजांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. दुष्काळात घर बुडालं. पुढं धाकटे बंधू कान्होबांची अर्धी खतं त्यांच्या त्यांना देऊन महाराजांनी आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. यात बघण्यासारखं असं, की महाराजांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. आपल्या हक्काचं सोडलं. कागदाचा उपयोग दोन्हींसाठी असतो, हक्क सांगायला आणि हक्क सोडायला. पण आपल्या हातात काय आहे ते कळल्याबिगर सोडणार काय? ज्याला आपण मान म्हणून धरून बसलो होतो, तो मूळ मिरासीचा मान दोन्ही आळ्यांच्या हातात कधी नव्हताच.

गेल्या आषाढीच्या आधी एकादशीला देवळात बैठक झाली. थोरल्या आळीच्या त्याच माळकऱ्यांनी सुचवलं आणि सगळ्यांनी मान डोलावली. वीणा पाळीनं फिरायची, एक वर्ष एक आळी, दुसऱ्या वर्षी दुसरी, आणि पाळीत गावातली बाकी सगळी घरंही आली, ज्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. चूल एक. प्रस्थानाआधी त्या बुडालेल्या घराण्याच्या नावानं मळ्याच्या बांधावर नारळ फोडायचा आणि पहिला गजर तिथं करायचा. तसा तो झाला. आमच्या आळीतले दोघं-चौघं अजून नाराज आहेत, त्यांच्याकडंही तेवढेच. पण भाकरी एका तव्यावरची खातात.

शेवटी वाचक माउलींना एवढीच विनंती. घरातली जुनी पेटी उघडा. खाचर, खत, पावती, काही असेल ते वाळवीला देऊ नका. शाळेच्या दाखल्याचं जुनं रजिस्टर, जन्ममृत्यूची गाव नमुना 14 ची नोंद, फेरफार, दुय्यम निबंधकाकडचे जुने दस्त, ही सगळी बघा. दस्तात बापाचं नाव, वय, धंदा, राहणार कुठला हे सारं येतं. तीर्थाच्या ठिकाणी उपाध्यायांच्या चोपड्यांतही आपल्या वाडवडिलांची नावं मिळतात. कोल्हापूर-सांगलीकडं हेळवी घराण्यांची कुळी तोंडपाठ सांगत येतात, त्यांना रित्या हातानं लावू नका. आणि घरातली सत्तरीच्या पुढची माणसं, विशेष करून बायका, त्यांना विचारून घ्या, कारण त्यांच्याजवळचं कोणत्या दप्तरात नाही.

दिंडीची शंभर वर्षांची नवी वही मांडली आहे. पहिल्या पानावर आमच्या खापरपणजीचं नाव आणि त्यापुढं बांगडीची निशाणी काढून ठेवली आहे. कार्तिकीपर्यंत प्रत्येक घरानं आपली वंशावळ आणून द्यावी. पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या बायकोचं नाव आणि तिचं माहेर लिहावं, हा नियम समितीनं केला आहे. वही देवळात असते, दुपारी काकड्याचे म्हातारे बसलेले असतात, ते लिहून घेतात. लिहिता येत नसेल त्यानं सांगावं, सांगता येत नसेल त्यानं निशाणी काढावी.

रामकृष्ण हरी.